पाय टेकला तर

माझ्या भावाने पुण्याहून सायकल आणली ती दोन पिशव्यांत भरून. एकीत सांगाडा, दुसरीत चाकं. जबलपूर स्टेशनवर हमालाने सांगाड्याची पिशवी उचलली आणि विचारलं, "भैया, इसमें कुछ है भी?" भावाला ते प्रशस्तिपत्रक वाटलं. रांझीला घरी पोचेपर्यंत ऑटोत तो मला सांगत होता की कार्बनचा सांगाडा आहे, एका बोटावर उचलता येतो. मी म्हटलं, "चालवायची हाय का उचलायची?" पुण्यात राहायला गेल्यापासून त्याला माझी थट्टा जरा उशिरा कळते.

घरी अंगणात बाबांची सायकल उभी होती. काळी, बावीस इंची, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची. मागे कॅरिअर, पुढे हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथवर कामाला लागले तेव्हा ती घेतलेली, आणि निवृत्त झाले तरी ती निवृत्त झाली नाही. ही सायकल एका बोटावर काय, दोन हातांनी उचलतानाही माणूस आधी इकडेतिकडे मदतीला कोणी आहे का बघतो.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरी करते, लग्न केलं नाही, आणि रविवारी सायकल चालवते. माझी सायकल गिअरची आहे पण जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. रविवारी सकाळी मी निघाले की बाबाही निघतात. मी पुढे जाते, मग कुठेतरी पुलाच्या कठड्याशी थांबते, आणि काही वेळाने ते येतात, आपल्या एकाच गतीने, पाठ सरळ ठेवून, ड्युटीवर निघाल्यासारखे. "झाला आराम?" असं मलाच विचारतात आणि न थांबता पुढे जातात.

भाऊ आला त्याला कारण होतं. बाबा ओमतीच्या चौकात पडले होते. ब्रेकचे रबर आणायला गेले आणि कपाळाला टाके घालून परत आले. मी ते भावापासून लपवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं. पण व्हिडिओ कॉलवर कपाळ दिसतंच. आठवड्याच्या आत तो हजर.

पहिल्या जेवणालाच त्याने विषय काढला.

"बाबा, आता बास झालं. माझ्याकडे चला."

"काहून?"

"कशाला म्हणजे? पडलात ना तुम्ही."

"पडलो नाही, पाडलं मले. ऑटोवाल्यानं."

"चक्कर आली असेल."

"चक्कर ऑटोले आली."

भाऊ हसला नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी दिवसभर कचेरीत. बाबा सत्तरीच्या पुढचे, आणि दिवसातून दोनदा सायकल काढणारच. पुण्यात सून होती, नातू होता, खाली बाग होती, दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. त्याने हे सगळं नीट मांडलं. तो चांगला मुलगा आहे, आणि चांगल्या मुलांशी वाद घालणं फार अवघड जातं.

मला बाबा जायला नको होते. हे मी तेव्हा बोलले नाही, पण त्यात लपवण्यासारखं काही नाही. संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या हाताने कुलूप उघडायचं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

शेवटी भावानेच शर्त लावली. तो पुण्यात रविवारी दहाबारा जणांबरोबर घाट चढतो, त्यामुळे त्याला वाटतं माणसाची सगळी परीक्षा घाटात होते. "कुंडमच्या रस्त्याचा घाट आपण तिघं चढू," तो म्हणाला. "खालच्या नाल्यापासून वरच्या देवळापर्यंत. एकदाही जमिनीला पाय न टेकता वर पोचलात, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"आन् टेकला तर?"

"तर माझ्याबरोबर पुण्याला यायचं."

बाबांनी घास सावकाश संपवला. "चालते," ते म्हणाले. "पन् तुह्या त्या मोबाइलवर नाही. तुही दीदी पाहीन." आणि अशी मी पंच झाले. मला कोणी विचारलं नाही.

इथे बाबांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्याचा भोंगा झाला की शेकडो सायकली एकदम फाटकाकडे निघायच्या. फाटकाच्या अलीकडे प्रत्येकाने उतरायचं, सायकल हातात धरून रांगेने चालायचं, आणि शिपायापुढे आल्यावर पिशवी उघडून डब्याचं झाकण वर करायचं. आतून कोणी पितळेचा तुकडा तर नेत नाही ना, याची तलाशी. सगळ्यांचीच व्हायची असं नाही, शिपाई अर्ध्यांना नुसतंच पुढे काढायचा. पण बाबा सांगायच्या आधी डबा उघडत. त्यांना ती रांग आवडायची. लहानपणी आम्हाला ते एकच गोष्ट परत परत सांगत: एकदा त्यांच्या पुढे एक मोठे साहेब रांगेत होते, शिपायाने त्यांनाही डबा उघडायला लावला, आणि साहेबाच्या डब्यातही वांग्याचीच भाजी निघाली. "वांगं," बाबा म्हणत आणि मांडीवर थाप मारत. आम्हाला यात हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, पण बाबा हसतात म्हणून आम्ही हसत असू.

नोकरी संपली, सवय राहिली. खाकी कपड्यातला माणूस आणि आडवा दांडा दिसला की बाबांचे हात आपोआप चालतात. नव्या मॉलच्या दारात त्यांनी रखवालदाराला पिशवी उघडून आतली मेथीची जुडी दाखवली होती. बँकेतही तेच. मला आधी हसू यायचं, मग राग येऊ लागला. "बाबा, कोणी विचारलं का तुमाले?" असं मी म्हणे. ते म्हणत, "विचारायची वाट काहून पाहाची?"

घाटाच्या आदल्या दिवशी आम्ही पाय मोकळे करायला भेडाघाटला गेलो. भाऊ घट्ट काळे कपडे, हेल्मेट आणि पिवळा चष्मा घालून निघाला, तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची विसरली. बाबा पँटच्या पायांना क्लिप लावून, मफलर बांधून. पंचवटीच्या नदीघाटाशी आम्ही सायकली ठेवल्या. खाली नर्मदा दोन्हीकडच्या पांढऱ्या कड्यांमधून जात होती, आणि नावाडी पर्यटकांना यमक जुळवून माहिती सांगत होता. त्याचा आवाज कड्यांवर आपटून आम्हाला दोनदा ऐकू येत होता. भाऊ लहानपणी इथे कितीदा आलेला, तरी फोटो काढत सुटला. बाबा कड्यांकडे पाठ करून त्याच्या सायकलचे ब्रेक निरखत बसले होते. बोटाने तार दाबून बघत, सोडत.

"नाजूक हाय," ते म्हणाले. "पन् काम साफ हाय." लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाकडून ही मोठीच शाबासकी होती. भाऊ लाल झाला. त्याने आपलं नाडी मोजणारं घड्याळ काढून बाबांच्या मनगटाला बांधलं. धुवाधार धबधब्याकडून परतीच्या चढावर बाबा पेडलवर उभे राहून, हँडल डावीउजवीकडे ओढत वर आले. भावाने घड्याळ पाहिलं, मग स्वतःच्या गळ्याशी दोन बोटं लावून पाहिली, आणि घड्याळ खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. थंडी होती. गाव मागे पडलं, मग शेतं, मग सागाची झाडं सुरू झाली. पानं गळून रस्त्याच्या कडेला ढीग झाले होते, आणि चाकाखाली एखादं पान आलं की पापडासारखं मोडायचं. नाल्यावरच्या फरशी पुलापाशी मी म्हटलं, "इथून." भाऊ पुढे, बाबा मध्ये, मी मागे. मागे मुद्दाम राहिले, कारण पंचाने पायांवर नजर ठेवायची असते.

तो घाट काही उंच नाही. नकाशात बघाल तर सापडणारही नाही. पण वळणं एकामागोमाग एक येतात आणि शेवटची तीन उभीच आहेत. भावाच्या गिअरची टकटक ऐकू यायची, मग तीही ऐकू येईनाशी झाली. तो दिसेनासा झाला. बाबांना गिअर नाहीत, म्हणून ते आपला जुना उपाय करू लागले. रस्ता रिकामा होता, तर सरळ न चढता ते या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके जात, वळत, पुन्हा तिरके. चढ दुप्पट लांब होतो, पण तेवढाच सोपाही होतो. हे नियमात बसतं का असा मी क्षणभर विचार केला, आणि बसतं असं ठरवलं. पंच मीच होते.

शेवटच्या वळणाआधी बांबूचा ट्रक आला. बाबांना कड सोडता येईना. सायकल जवळजवळ थांबली. मागून मला त्यांची मान दिसत होती, शिरा ताठ झालेल्या. त्यांचा डावा पाय पेडलवरून उचलला गेल्यासारखा वाटला आणि मी ओरडणारच होते, काय ते मला माहीत नाही. पण पाय पुन्हा बसला, त्यांनी सगळं वजन त्यावर टाकलं, आणि चाक हललं. ट्रक गेला. वळण संपलं.

वर चढ सौम्य झाला. समोर देवळाचा लाल झेंडा दिसत होता आणि झेंड्याखाली पिवळा चष्मा लावून भाऊ उभा. एखादं पोर धावत जाईल एवढं अंतर उरलं होतं. मी मनातल्या मनात बाबांना चहा पाजायला सुरुवात केली होती.

आणि मध्ये जंगल खात्याचा नाका होता. रस्त्याच्या अर्ध्यावर वर केलेला बांबू, बाजूला खुर्ची, खुर्चीत खाकी स्वेटर घातलेला नाकेदार, शेकोटीवर हात धरून बसलेला. तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

बाबांनी उजवा पाय कॅरिअरवरून मागे फिरवला, डाव्या पेडलवर उभं राहून थोडं पुढे घरंगळत गेले आणि उतरले. अगदी सफाईने. सायकल एका हाताने धरून चालत नाकेदाराजवळ गेले, पिशवी उघडली, डब्याचं झाकण वर केलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

नाकेदार गोंधळला. डब्यात पोळ्या आणि ठेचा होता. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. "अरे बाबूजी, काहे तकलीफ की," असं म्हणून त्याने एक पोळी उचलली.

त्या पोळीने बाबा भानावर आले. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग खाली आपल्या बुटांकडे. मी सायकलवरून उतरून त्यांच्याजवळ पोचले होते. त्यांचा चेहरा इतका रिकामा मी आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

"टेकला," ते म्हणाले.

भाऊ उतारावरून धावत आला. त्याच्या बुटांना खाली लोखंडी पट्ट्या असतात, त्या खडखडत होत्या. सगळं त्याने वरून पाहिलं होतं. "हे धरायचं नाही," तो म्हणाला. "घाट तुम्ही चढलात. नाक्यावर माणूस थांबणारच."

"कोणी थांबवलं नव्हतं मले."

"बाबा, मी म्हणतोय ना."

"तू नाही. तुही दीदी." आणि दोघं माझ्याकडे बघू लागले. नाकेदारही बघू लागला, तोंडात पोळी घेऊन.

मला खोटं बोलणं सहज शक्य होतं. भाऊसुद्धा तेच मागत होता. पण बाबा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते तिच्यात विनवणी नव्हती. ते मापाच्या पट्टीकडे पाहतात तसं पाहत होते. मी खोटं माप दिलं असतं तर ते पुण्याला गेले नसते, पण पुन्हा कधी मला काही विचारलंही नसतं. "टेकला," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं.

ते गेले. भावाने त्यांची काळी सायकल रेल्वेने पार्सल करून नेली, एवढं त्याने मनापासून केलं. मी कचेरीतून यायचे, कुलूप उघडायचे, दिवा लावायचे. रविवारी कठड्याशी थांबायची सवय सुटली नाही. थांबायचे, मग आठवायचं की मागे कोणी नाही, मग उगीच पाणी प्यायचे.

भावाचे फोन यायचे. बाबा मजेत आहेत. नातवाला सायकल शिकवतात. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार असतो, त्याच्यापुढे बाबा रोज उतरतात आणि पिशवी उघडून कोथिंबीर दाखवतात. रखवालदार सलाम ठोकतो. भाऊ हे हसून सांगायचा, मीही हसायचे.

मग एकदा संध्याकाळी त्याचा फोन आला.

रखवालदार बदलला होता. बाबा भाजी घेऊन येत होते. ते उतरायच्या आतच नव्या माणसाने हात आडवा केला. "ओ बाबा, कोणाकडे कामाला? पिशवी दाखवा." बाबांनी पिशवी दाखवली. तेवढ्यात मागून दोन मोटारी आल्या, त्यांच्यासाठी दांडा वर गेला. मग माझा भाऊ आला, आपल्या कार्बनच्या सायकलवर, घामाघूम. त्याच्यासाठी दांडा वर गेला आणि रखवालदाराने सलाम केला. बाबा बाजूला उघडी पिशवी धरून उभे होते. पुढे गेल्यावर भावाच्या लक्षात आलं की ते कोण आहेत.

तो मागे वळून रखवालदारावर धावून गेला. बाबांनीच त्याला आवरलं. "त्याची नोकरी हाय," म्हणाले. घरात आल्यावर हातपाय धुतले, बसले, आणि एवढंच बोलले: "तिथं साहेबाच्या डब्यातलं वांगंबी निघे. इथं माहाच डबा उघडून राहिले." त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी सायकल काढली नव्हती.

"दीदी," भाऊ म्हणाला, "मी काहून आनलं त्याइले?" कित्येक वर्षांनी मी त्याच्या तोंडून आमची भाषा ऐकली. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "आता आनून दे."

बाबा आधी तयार होईनात. शर्त ती शर्त. तेव्हा भावाने डोकं चालवलं. तो म्हणाला, शर्त पुण्याला यायची होती, राहायची नव्हती, आणि आलात ना तुम्ही. बाबांनी यावर एक पूर्ण दिवस विचार केला, असं तो सांगतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "हे बराबर हाय." आणि सायकलचं पार्सल कसं बांधायचं ते स्वतः दाखवू लागले.

ते आले त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कुंडमच्या रस्त्याला गेलो. ठरवून नाही. मी पुढे होते, ते मागून आले, "झाला आराम?" म्हणाले आणि घाटाकडे वळले. ऊन वाढलं होतं आणि मोहाची फुलं खाली पडून वास सुटला होता. ते तसेच तिरके तिरके चढले. शेवटच्या वळणावर मी त्यांच्या पायांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघत होते.

नाक्यावर तोच नाकेदार होता, आता सावलीत. त्याने बाबांना ओळखलं आणि हसत उठून उभा राहिला, हात पुढे करून. बाबांची पाठ सरळ होती. पिशवी हँडलला लटकलेली, बंद. ते बांबूखालून गेले, मानेने त्याला नमस्कार केला, आणि पेडल मारत राहिले.

"बाबूजी, आज डब्बा नहीं?" त्याने मागून विचारलं.

"ऊपर," बाबा म्हणाले.

झेंड्यापाशी पोचल्यावर त्यांनी पाय टेकला. सायकल देवळाच्या ओट्याला लावली, मफलरने तोंड पुसलं, ओट्यावर बसले आणि पिशवीतून डबा काढला. खाली नाकेदार अजून उभाच होता, आमच्याकडे बघत. बाबांनी झाकण उघडलं, एका पोळीवर भाजी घातली आणि माझ्यापुढे धरली.

मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तुले नाही. त्याले देऊन ये. वांगं हाय."